पीव्हीडीएफ-टीआरएफई ७०/३० पावडर : गोव्याच्या दमट हवेत मज्जातंतूची नळी बनवणाऱ्यांसाठी परीक्षण

आधी निकाल. व्हिनिलिडीन फ्लोराइड आणि ट्रायफ्लोरोइथिलीन यांचं ७०:३० प्रमाणातलं सहबहुलक, म्हणजे प्रयोगशाळेत सगळे ज्याला पीव्हीडीएफ-टीआरएफई म्हणतात ती पांढरी पावडर, चांगला माल आहे. तुटलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये घालायच्या दाबविद्युत नळीवर काम सुरू करायचं असेल, तर पहिली खरेदी हीच असावी. पण एक गोष्ट पैसे मोजण्याआधी पक्की समजून घ्या. दाब पडल्यावर वीज निर्माण करण्याचा गुण पाकिटातून येत नाही. तो तुमच्या भट्टीत आणि तुमच्या उच्च व्होल्टेजखाली तयार होतो, आणि निर्जंतुकीकरणाच्या एका चुकीच्या फेरीत नाहीसाही होतो. गोव्यात तर तो, उच्च व्होल्टेजखाली द्रावणाची धार सुईतून ओढून फिरत्या ड्रमवर बारीक धाग्यांचं जाळं बनवताना (इलेक्ट्रोस्पिनिंग), सुईच्या टोकाशीच बिघडायला लागतो. म्हणून या परीक्षणात मालापेक्षा त्याच्या हाताळणीवर जास्त लिहिलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. दाबविद्युत परिणाम क्युरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवला. फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये तो हाडात मोजला. कावाई यांना १९६९ मध्ये ताणलेल्या पीव्हीडीएफच्या पातळ पत्र्यात तो बराच जोरकस आढळला. मज्जातंतूंकडे हे ज्ञान वळलं १९८७ मध्ये, जेव्हा एबिशर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पायातल्या सायॅटिक मज्जातंतूवर ध्रुवित (आतले विद्युत द्विध्रुव एका दिशेला वळवलेल्या) पीव्हीडीएफच्या नळ्या वापरल्या. १९९१ मध्ये याच सहबहुलकाच्या नळ्या उंदरांच्या मोठ्या जातीवर, रॅटवर, १० मिमीच्या तुटीत घातल्या गेल्या, आणि धन ध्रुवित नळ्यांत मायलिनचं आवरण असलेले अक्षतंतू (मज्जापेशींचे लांब धागे) अध्रुवित नळ्यांपेक्षा जास्त मिळाले. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे नळी गुंडाळताना लागेल.

ही धडपड कशासाठी? मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिमी वाढतो. कोपरापाशी तुटलेल्या अल्नार मज्जातंतूला हाताच्या छोट्या स्नायूंपर्यंत पोचायला ३०० मिमीच्या आसपास अंतर कापायचं असतं, म्हणजे जवळजवळ वर्ष. तिकडे स्नायू १२ ते १८ महिन्यांत नवा तंतू स्वीकारण्याची ताकद गमावतो. वाढीचा वेग थोडाही वाढला, तरी कुणाचा तरी अंगठा पुन्हा बोटाला टेकतो. या कामात निष्काळजीपणा चालत नाही तो यामुळेच.

आता साधी पीव्हीडीएफ का नको? ती बरीच स्वस्त आहे. पण वितळवून थंड केली की ती अल्फा रूपात (साखळ्यांच्या एका स्फटिक मांडणीत) गोठते, आणि त्या रूपात दाबविद्युत गुण नसतो. बीटा रूप मिळवण्यासाठी पत्रा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास चार-पाच पट ताणावा लागतो. सहबहुलकात ट्रायफ्लोरोइथिलीनचे जादा फ्लोरीन अणू साखळीला सरळ राहायला भाग पाडतात, त्यामुळे द्रावणातून थेट बीटासारखं रूप मिळतं. नीट ध्रुवित केलेल्या नमुन्याचा डी-३३ गुणांक (दर न्यूटन बलामागे निघणारा विद्युतभार) २५ ते ४० पिकोकुलोम प्रति न्यूटनच्या पट्ट्यात असतो, चिन्ह ऋण. तुलनेसाठी, क्वार्ट्झचा २.३ आणि बेरियम टायटनेट सिरॅमिकचा १९० च्या आसपास.

गोव्यात पावडरीला काही होत नाही. तिला पाणी आवडत नाही, बंद डब्यात ती कपाटातही टिकते. अनेकजण पावडर फ्रीजमध्ये जपतात आणि ती विरघळवायच्या द्रावकाची, डायमिथाइलफॉर्मामाइडची, बाटली टेबलावर अर्धवट बुचाने ठेवतात. नेमकं उलट करायला हवं. डायमिथाइलफॉर्मामाइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी हे या बहुलकाचं अद्रावक आहे. जूनच्या पहिल्या सरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत, खिडकी उघडी असो वा बंद, खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर रेंगाळते. अशा हवेत सुईतून निघालेल्या धारेत पाणी शिरतं आणि धागा वाळण्याआधीच बहुलक आतल्या आत साकळतं. धागे खडबडीत आणि सच्छिद्र होतात, मधेमधे मणी पडतात. सुईच्या टोकाशी लटकणारा थेंब पांढरट, पिठूळ दिसू लागला, तर त्या दिवशीचं काम थांबवा. व्होल्टेज वाढवून काही होणार नाही.

उपाय महाग नाही. फिरणारा ड्रम आणि सुई ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करा. खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र लावा, पेटीत दोन थाळ्यांत मिळून किलोभर सिलिका जेल ठेवा आणि आत आर्द्रतामापक चिकटवा. ३० ते ४० टक्क्यांवर काटा आला की सुरुवात करा. एसीने एकट्याने हे जमत नाही, तो ५०-६० टक्क्यांवर अडकतो. सिलिका जेल निळ्याचा गुलाबी झाला की १२० अंशांवर भाजून पुन्हा वापरता येतो. दोना पावला, वास्को किंवा किनाऱ्याजवळ कुठेही प्रयोगशाळा असेल, तर आणखी एक शत्रू आहे, मीठ. उच्च व्होल्टेजच्या इन्सुलेटरवर खारी हवा बसते, ओलावा आला की त्यावरून करंट सरपटतो, आणि दाखवलेले १५ किलोव्होल्ट सुईपर्यंत पोचतच नाहीत. आठवड्यातून एकदा वीज तोडून, भारित भाग जमिनीला टेकवून, इन्सुलेटर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढा.

सुरुवातीची कृती अशी. १ ग्रॅम पावडर, ३ मिली डायमिथाइलफॉर्मामाइड, २ मिली ॲसिटोन. बुचाच्या बाटलीत ४०-४५ अंशांवर चुंबकी ढवळणीवर चार-पाच तास, द्रावण काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत. मग बुडबुडे जाईपर्यंत स्थिर ठेवा. २१ गेजची बोथट सुई, ताशी १ मिली प्रवाह, १५ किलोव्होल्ट, सुई ते ड्रम १५ सेंमी. पावडरीचा रेणुभार कमी असेल तर २० टक्क्यांवरही मणी दिसतील, तेव्हा २२-२४ टक्क्यांपर्यंत जा. रेणुभार जास्त असेल तर १५ टक्के पुरतात. ॲसिटोन वाढवला की धागा लवकर वाळतो, पण सुईचं तोंडही लवकर बुजतं.

धागे एका दिशेत हवेत, कारण श्वान (Schwann) पेशी, म्हणजे अक्षतंतूंना आवरण घालणाऱ्या पेशी, आणि अक्षतंतू त्या दिशेनं सरकतात. त्यासाठी ड्रमचा पृष्ठवेग महत्त्वाचा, नुसते फेरे नव्हेत. १० सेंमी व्यासाचा ड्रम मिनिटाला २५०० फेऱ्यांनी फिरला की पृष्ठवेग सेकंदाला १३ मीटर होतो, आणि धागे बऱ्यापैकी सरळ बसतात. ५ सेंमीच्या ड्रमवर तेच फेरे ठेवले तर वेग निम्मा, आणि जाळं विस्कटलेलं. लेखांतले फेरे उचलून आपल्या ड्रमला लावण्याची चूक सर्रास होते.

डायमिथाइलफॉर्मामाइड यकृताला आणि गर्भाला घातक आहे, कातडीतून शरीरात शिरतं, आणि साध्या लेटेक्स हातमोज्यांवर भिस्त ठेवता येत नाही. ब्यूटाइल रबरचे हातमोजे घ्या, पेटीची वाफ फ्यूम हूडमध्ये सोडा. शरीरात जाणाऱ्या वस्तूत त्याचा अंश किती राहतो हेही मोजावं लागतं. औषधांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा दशलक्ष भागांत ८८० आहे. जाळं निर्वात भट्टीत ५० अंशांवर दोन दिवस ठेवा.

मग ॲनिलिंग, म्हणजे न वितळवता तापवून स्फटिक नीट वाढू देणं, १३५ अंश, दोन तास. इथं बरेच नमुने वाया जातात. या सहबहुलकाचा वितळणबिंदू १५० अंशांच्या आसपास आहे, आणि जुन्या भट्टीची तबकडी १३५ दाखवत असताना आत कोपऱ्यात १४८ असू शकतात. धागे एकमेकांत विरघळून पापुद्रा होतो. नमुन्याशेजारी थर्मोकपल ठेवूनच तापमान वाचा. जाळं चारही कडांनी चौकटीत धरून ठेवा, नाहीतर आक्रसतं. शेवटी भट्टी बंद करून दार लावलेलंच ठेवा आणि सावकाश थंड होऊ द्या. १०० ते ११० अंशांच्या मध्ये त्याचा क्युरी बिंदू (ज्याच्या वर ध्रुवीकरण टिकत नाही ते तापमान) येतो, तो घाईत ओलांडू नका.

पोलिंगबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण लोकांची सर्वात मोठी फसगत इथं होते. अवरक्त वर्णपटात ८४० आणि १२८० प्रति सेंमीच्या आसपास शिखरं दिसली की 'बीटा मिळालं, म्हणजे दाबविद्युत मिळाली' असं गृहीत धरलं जातं. तसं नाही. बीटा रूप म्हणजे प्रत्येक स्फटिकात द्विध्रुव आहेत एवढंच. ते स्फटिक दहा दिशांना तोंड करून बसले असतील, तर एकूण बेरीज शून्य. सगळ्यांची तोंडं एकीकडे वळवणं म्हणजे पोलिंग. गच्च पत्र्याला ते सोपं आहे. २५ मायक्रॉनचा पत्रा मेथिल इथिल कीटोनमधून ओतून, ॲनिल करून, दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा द्या आणि मायक्रॉनला ५० ते ८० व्होल्टच्या हिशेबानं १२५० ते २००० व्होल्ट लावा. धाग्यांच्या जाळ्याला हेच करायला गेलात तर ठिणगी पडणार, कारण जाळ्यातली हवा मायक्रॉनला ३ व्होल्टच्या आसपासच फुटते. काहीजण सिलिकॉन तेलात बुडवून पोलिंग करतात. ते तेल जाळ्यातून कधीच पूर्ण निघत नाही, आणि त्यावर पेशी बसत नाहीत. मज्जातंतूसाठीच्या जाळ्याला ते करू नका.

जाळ्यासाठी कोरोना पोलिंग चालतं, म्हणजे सुयांच्या टोकांपासून निघणारा भार हवेतून जाळ्यावर बसवणं. खाली जमिनीला जोडलेली तापवलेली धातूची पाटी, त्यावर जाळं, वर ३-४ सेंमी अंतरावर सुया, १० ते १५ किलोव्होल्ट, ८० ते ९० अंश, अर्धा तास. मग व्होल्टेज चालू ठेवून खोलीच्या तापमानाला आणा. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तापमान वर असताना व्होल्टेज गेलं की वळलेले द्विध्रुव पुन्हा विस्कटतात. पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच चला. यूपीएसवर उच्च व्होल्टेजचा पुरवठा हवाच, तापपाटी नसली तरी चालेल. वीज गेली की पाटी आपोआप थंड होईल, आणि व्होल्टेज टिकलं तर नमुना वाचेल. दमट हवेत पृष्ठभागावरचा भार सरकून जातो, म्हणून हेही कोरड्या पेटीतच.

मोजणी करताना डी-३३ मापक जाळ्याच्या बाबतीत सहज फसवतो. मऊ जाळं दाबलं जातं, घासतं आणि घर्षणाची वीज मोजली जाते. दोन खुणा सांगतात खरं काय ते. नमुना उलटा ठेवला की आकडा साधारण तेवढाच, पण चिन्ह उलटं यायला हवं. आणि तेवढ्याच जाडीचं अध्रुवित जाळं तिथं जवळपास शून्य दाखवायला हवं. या दोन कसोट्यांशिवाय 'बोटानं टकटक केल्यावर इतके व्होल्ट आले' असं दाखवणाऱ्या आलेखाला काहीच किंमत नाही.

नळी बनवणं. रॅटच्या १० मिमी तुटीसाठी १४ मिमी लांब नळी लागते, कारण दोन्ही बाजूंना २-२ मिमी मज्जातंतू आत घ्यायचा असतो. आतला व्यास १.५ मिमी. धाग्यांच्या दिशेनं १४ मिमी आणि आडवी १६ मिमी पट्टी कापा, १.५ मिमीच्या गुळगुळीत स्टीलच्या सळईवर तीन वेढे गुंडाळा. धागे नळीच्या लांबीला समांतर हवेत. फिरत्या सळईवर थेट धागे फवारले तर ते नळीभोवती आडवे बसतात आणि वाढणाऱ्या तंतूंना वाटच मिळत नाही. सळईला आधी पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा पातळ हात द्या, मग नळी पाण्यात बुडवून अलगद सुटते. शिवण बंद करायला त्याच बहुलकाचं ५ टक्के द्रावण, मेथिल इथिल कीटोनमध्ये, सर्वात बारीक कुंचल्यानं एकच रेघ. जास्त लावलं तर आतले वेढेही विरघळतात. पोलिंग सपाट असतानाच उरकलेलं असतं, म्हणून गुंडाळल्यावर उष्णता अजिबात नको. आणि १९९१ ची ती गोष्ट. कोणती बाजू आत गेली, हे नळीच्या टोकाला खाच पाडून किंवा वहीत लिहून नोंदवा. दोन्ही बाजू पांढऱ्याच दिसतात. नोंद चुकली की अख्खा गट गेला.

पेशी पेरण्याआधी जाळं ओलं करावं लागतं. पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा उभा राहतो. ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास, मग फॉस्फेट बफर तीन वेळा बदलून, मग लॅमिनिन (पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन) मिलीला १० मायक्रोग्रॅम, रात्रभर. इथेनॉलची पायरी गाळली तर हवेचे कप्पे आत राहतात. जाळं तरंगतं, पेशी कडेनं गोळा होतात आणि दोष पेशींना दिला जातो.

निर्जंतुकीकरण इथिलीन ऑक्साइडनं, ५५ अंशांच्या आत. ऑटोक्लेव्हचे १२१ अंश क्युरी बिंदूच्या वर आहेत. एका फेरीत ध्रुवीकरण संपतं, आणि नळी बाहेरून पूर्वीसारखीच दिसते. रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात पाकीट देताना 'ऑटोक्लेव्ह नको' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि परत आल्यावर एक साक्षीदार नमुना पुन्हा मोजा.

आता मालाचे खरे दोष. पहिला, तो शरीरात विरघळत नाही. पीव्हीडीएफ कुटुंबातले शल्यधागे हृदयशस्त्रक्रियेत वापरात आहेत, म्हणजे शरीर त्याला सहन करतं. पण मज्जातंतू बरा झाल्यावर त्याभोवती कायमची नळी राहिली तर ती आवळू शकते. दुसरा, ताठरपणा. गच्च पत्रा गिगापास्कलच्या घरातला, मज्जातंतू त्याच्यापुढे कितीतरी मऊ. मज्जातंतू ८ टक्के ताणला की रक्तप्रवाह मंदावू लागतो आणि १५ टक्क्यांच्या आसपास थांबतो, हे लुंडबोर्ग आणि रिडेविक यांनी १९७३ मध्ये सशांत दाखवलं. ताठ नळीच्या टोकाशी सगळा ताण टाक्यावर येतो. जाळ्याची नळी पत्र्याच्या नळीपेक्षा म्हणूनच बरी. तिसरा दोष या मालाचा एकट्याचा नाही, पण फार लपवला जातो. कोरड्या टेबलावर २५ मायक्रॉनच्या पत्र्यावर १ मेगापास्कल ताण आला तर हिशेबानं काही व्होल्ट निघतात. शरीरातल्या खाऱ्या पाण्यात तोच भार आयन लगेच झाकून टाकतात, त्याची पोच पृष्ठभागापासून नॅनोमीटरभरही नसते. परिणाम होतोच, पण तो धाग्याला चिकटलेल्या पेशीच्या आवरणावर. टेबलावरच्या व्होल्टच्या आकड्यावरून 'नळी मज्जातंतूला करंट देते' असं लिहिणं वाचकाला फसवणं आहे.

याच कारणानं अध्रुवित नळीचा गट हवाच, आणि त्या गटालाही तीच भट्टी, तोच तास, फक्त व्होल्टेज नाही. अल्ट्रासाउंडनं जाळं हलवणार असाल तर चार गट होतात, ध्रुवित-अध्रुवित आणि अल्ट्रासाउंडसह-त्याविना. हाडांसाठी रूढ असलेली मात्रा १.५ मेगाहर्ट्झ, २० टक्के स्पंद, चौरस सेंमीला ३० मिलिवॅट. फिजिओथेरपीचं यंत्र बहुधा १ मेगाहर्ट्झचं असतं आणि ०.१ वॅटच्या पायऱ्यांनी चढतं. २० टक्के स्पंदावर पहिली पायरी २० मिलिवॅट आणि दुसरी ४० देते, तेवढ्यावर भागतं. मात्र प्लॅस्टिकच्या तबकडीत लहरी परतून स्थिर लहरी बनतात आणि पाणी तापतं. तापमानाची नोंद ठेवली नाही तर उबेचं श्रेय विजेला जातं.

पर्याय? पॉली-एल-लॅक्टिक आम्ल विरघळतं, पोलिंग लागत नाही, नुसतं ताणून चालतं, आणि शरीरात खरोखर घालायच्या नळीसाठी शेवटी तेच किंवा त्याच्या जातीचं काहीतरी लागेल असं आमचं ठाम मत आहे. पण त्याचा गुणांक १० च्या आसपास आणि तोही कातर ताणाचा, म्हणजे धाग्याच्या दिशेत सरळ ओढून फारसं काही मिळत नाही. शिवाय त्याचे दाणे दमट हवेत हळूहळू तुटतात. पाकीट उणे २० वरून काढलं की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, गोव्यात दोन मिनिटांत त्यावर दव साचतं. बेरियम टायटनेटची पूड मिसळण्याचा मोह पहिल्या वर्षी आवरा. १०० नॅनोमीटरच्या खाली कणांचा गुण घटतो, त्याहून मोठे गुठळ्या होऊन सुईत अडकतात, आणि बहुलकाच्या तुलनेत त्यांची परावैद्युतता इतकी जास्त की पोलिंगचं बहुतेक व्होल्टेज बहुलकच खातं.

रुग्णांच्या नातेवाइकांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी दोन ओळी. आदोळीवर (विळीवर) किंवा काचेनं मनगट कापलं असेल, तर बहुतेकदा तुटलेली टोकं थेट शिवता येतात, नळीची गरजच नसते, फक्त उशीर नको, पहिल्या काही दिवसांत बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पोचायला हवं. तूट असेल तर पायातला सूरल मज्जातंतू काढून जोडणं हाच अजून कसोटीचा उपचार आहे, आणि आखूड तुटीला कोलॅजनच्या नळ्या मिळतात. दुचाकीच्या अपघातात खांद्याची मुळं मणक्यातूनच उपटली गेली असतील, तर कुठलीच नळी कामाची नाही, तिथं दुसरा मज्जातंतू वळवावा लागतो. दाबविद्युत नळी कुणी विकत देऊ केली तर घेऊ नका.

मागणी देताना १० ग्रॅमच मागवा. एका जाळ्याला ग्रॅमभर लागतं, आणि निम्मी पावडर आर्द्रता आटोक्यात आणण्यातच जाते. सोबत त्या खेपेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यात चार गोष्टी बघा : मोलचं प्रमाण, रेणुभार, वितळणबिंदू, क्युरी बिंदू. '७०/३०' वजनानं की मोलनं, हे स्पष्ट लिहून घ्या. क्युरी बिंदू १२० च्या पुढे दाखवला असेल तर तो बहुधा ७५/२५ किंवा ८०/२० चा माल आहे. वाईट नाही, पण वरचे सगळे आकडे बदलतात. उरलेले धागे आणि कापलेले तुकडे जाळू नका, त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो. वेगळ्या पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्या.